जुने चेहरे ठेवायचे का?

प्रत्येक फोटो स्टुडिओत एक खोका असतो. लोक फोटो काढतात, "उद्या नेतो" म्हणून जातात आणि कधीच नेत नाहीत. ते फोटो त्या खोक्यात पडतात. किस्स्यांचंही तसंच आहे. पूर्णा स्टेशनच्या रस्त्यावरच्या आमच्या स्टुडिओत मी बावीस वर्षं बसतेय. रोज कुणीतरी एखादा किस्सा काउंटरवर विसरून जातं आणि तो न्यायला काही परत येत नाही. मग सांभाळायचा कुणी? मीच सांभाळते.

गेल्या महिन्यात आमचा जुना कॉम्प्युटर गेला आणि नवा आला. तेवढ्या आठ दिवसांत खोका अगदी शिगोशीग भरला, म्हणून म्हटलं, आता सांगून टाकावं.

आधी माणसं सांगते. स्टुडिओ सरांचा. सर शाळेत चित्रकला शिकवायचे, त्यामुळे पूर्णेतल्या निम्म्या गावाचे ते सर आहेत आणि उरलेल्या निम्म्यांचे बघून बघून झालेत. काकू म्हणजे त्यांच्या पत्नी. काकू गेल्या वर्षी गेल्या. लग्नांचं शूटिंग आणि आल्बमचं काम खालेदभाई बघतात. आणि मी सुनंदा. मी कॉम्प्युटरवर चेहरे साफ करते. त्याला आमच्यात टचिंग म्हणतात. मुरुम, डाग, सुरकुत्या, काय म्हणाल ते घालवते. पूर्णेत माझ्या हातून न गेलेला चेहरा शोधायला तुम्हाला बराच वेळ लागेल!

*

पूर्वी एकदा भर लग्नसराईत कॉम्प्युटरची हार्ड डिस्क गेली. पाच लग्नांचे फोटो होते, सगळे गेले. सर दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून एकेका घरी माफी मागायला निघाले. सोबत आम्हीही.

चार घरी लोकांनी ऐकून घेतलं, एकदोघांनी सुनावलंही. पाचव्या घरी नवरीची आजी ओट्यावर बसली होती. तिनं सगळं शांतपणे ऐकलं. मग सरांना विचारलं, "म्हंजे आता पुन्हा लावायचं का लगीन?"

सर हो म्हणाले असते तर ती तयार होती, असं मला आजही वाटतं.

त्यानंतर परभणीहून नितीन आला. हा आमचा कॉम्प्युटरवाला. त्यानं एक काळी डबी आणली, मुठीत मावेल एवढी, आणि वायरीनं कॉम्प्युटरला जोडली. रोज दुपारी दोन वाजता ही डबी दिवसभरात बदललेलं सगळं आपल्यात उतरवून घेईल, असं तो म्हणाला. खरी गंमत पुढे होती. नवं उतरवताना ती जुनं टाकून देत नाही. म्हणजे एखादा फोटो आज कसा आहे ते तर मिळेलच, पण तो मागच्या महिन्यात कसा होता, मागच्या वर्षी कसा होता, तेही तारीख लावून बघता येईल.

सर बराच वेळ डबीकडे बघत होते. त्यांचा सगळा जन्म फिल्मच्या रोळांत गेला होता. प्रिंटवर काय रंगवायचं ते रंगवा, पण निगेटिव्हला हात लावायचा नाही, हा त्यांचा नियम. ते म्हणाले, "म्हणजे हिच्यात निगेटिव्ह राहतं म्हण की."

नितीनला निगेटिव्ह ठाऊक नव्हतं. तरी तो हो म्हणाला.

*

डबी बसवताना नितीननं कॉम्प्युटरचं नाव विचारलं. नाव दिल्याशिवाय डबीला कळणार कसं की हा साठा कुणाचा आहे? सर म्हणाले, कॉम्प्युटरला कसलं आलंय नाव. खालेदभाईंनी दोनतीन नट्यांची नावं सुचवली. तेवढ्यात काकू जेवणाचा डबा घेऊन आल्या. रोज दोनच्या ठोक्याला त्यांचा डबा यायचा. त्यांनी काय चाललंय ते विचारलं आणि पिशवी खाली ठेवता ठेवता म्हणाल्या, "ठकू ठेवा."

नितीननं ठकू असं टाइप केलं. आम्ही हसलो आणि विसरून गेलो.

दुसऱ्या दिवशी काकू डब्यासोबत पातेलंभर घुगऱ्या घेऊन आल्या. बारसं झालंय तर घुगऱ्या नकोत का? त्या दिवशी पासपोर्ट फोटो काढायला आलेल्या प्रत्येकाला मूठमूठ हरभरे मिळाले. एका गृहस्थांनी खात खात विचारलं की मुलगी कुणाला झाली. काकूंनी कॉम्प्युटरकडे बोट दाखवलं.

दोन वाजले की डबीवरचा निळा दिवा लुकलुकायचा आणि इकडे आमचे डबे उघडायचे. "तिचंही जेवण चाललंय, कुणी हात लावू नका," असं सर गिऱ्हाइकांना सांगायचे. काय दिवस होते ते! खरं सांगते, माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं जेवण मी त्या काउंटरमागे उभ्यानं जेवलेय.

*

खंडेनवमीला आमच्याकडे कॅमेऱ्यांची पूजा असते. स्टँड, लाइट, जुना एन्लार्जर, सगळं पुसून मांडायचं. त्या वर्षी काकूंनी डबीलाही पाटावर बसवलं आणि हळदकुंकू वाहिलं.

आता काकूंच्या कुंकवाचं सांगायला पाहिजे. काकू आरशात बघून कुंकू लावत नसत. घरात घाईत, चालता चालता, बोट टेकवलं की झालं. त्यामुळे त्यांचं कुंकू कायम डाव्या भुवईकडे कललेलं असायचं. स्टुडिओत एवढा मोठा आरसा आहे, गिऱ्हाइकांसाठी लावलेला. मी कितीदा म्हटलं, काकू, जरा आरशात बघा की. त्या म्हणायच्या, "कपाळ कुठं जातंय? जागेवरच आहे की."

तर त्याच नेमानं त्यांनी डबीला कुंकू वाहिलं. दसऱ्यानंतर डबी चालेना. नितीनला परभणीहून बोलावलं. त्यानं वायर काढली, भोकात टॉर्च मारला, फुंकर घातली, तर त्याचं नाक लाल झालं.

"काकू," तो म्हणाला, "देवाला वाहा, कॅमेऱ्याला वाहा. पण पिनेच्या भोकात नका वाहू."

काकू म्हणाल्या, की त्यांनी तर बरोबर मधोमध लावलं होतं!

*

आता माझं पाप.

टचिंग केलं की आधीचा फोटो वेगळ्या नावानं ठेवायचा, असं सरांनी मला पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. पण कॉम्प्युटरमध्ये जागा कायम कमी आणि मला कायम घाई. मी त्याच फोटोवर काम करायची आणि त्यावरच सेव्ह मारायची. आधीचा चेहरा कॉम्प्युटरमधून गेला. डबीत राहिला असेल तेवढाच.

गंगाखेडकडच्या एका खेड्यातले गृहस्थ एकदा ओळखपत्रासाठी फोटो काढून गेले. त्यांना एका साखर कारखान्यात सीझनचं काम लागलं होतं. त्यांच्या कपाळावर लहानपणी बैलानं मारल्याचा मोठा व्रण होता. त्यांनी काही सांगितलं नव्हतं, पण मी आपली सवयीनं तो घालवला. रंगही दोन बोटं उजळ केला. फोटो काय सुरेख दिसत होता म्हणून सांगू!

चौथ्या दिवशी ते परत आले. गेटवरचा माणूस त्यांना आत सोडेना. फोटो एकाचा आणि माणूस दुसराच, असं त्याचं म्हणणं. ते माझ्यावर चिडले नव्हते. खुर्चीवर बसून पाणी प्यायले आणि म्हणाले, "ताई, चांगलं केलंत वो तुमी. पण माझी खूण मला वापस द्या."

डबी उघडली, चार दिवस मागं गेले आणि व्रण सापडला. नवे फोटो हातात घेतल्यावर त्यांनी आधी कपाळावरून बोट फिरवलं, मग फोटोवरून. सर लांबून बघत होते. ते मला एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं, कारण मी सवय काही सोडली नाही.

*

काकूंचा मिळून एकच धड फोटो होता. नवी लाइट आणली तेव्हा सरांना कुणावर तरी करून बघायची होती आणि नेमक्या काकू डबा घेऊन दारात. सरांनी त्यांना तशाच पडद्यापुढे उभं केलं. घामेजलेल्या, हातात पिशवी, कुंकू डावीकडे. "अहो, पोळ्या गार व्हायल्यात," असं त्या म्हणत असतानाच सरांनी बटण दाबलं. मी तो फोटो कॉम्प्युटरवर घेतला आणि सगळे जेवायला बसलो.

पुढे किती तरी वर्षांनी काकू गेल्या तेव्हा भिंतीवर लावायला तोच काढावा लागला. मला समोरचं नीट दिसत नव्हतं, पण हाताला वीस वर्षांची सवय. हात आपोआप चालले. घाम पुसला, डोळ्यांखालचं काळं काढलं, पिशवी कापली आणि कुंकू उचलून बरोबर मधोमध ठेवलं. सेव्ह मारलं. सर म्हणाले, "छान झालाय." काउंटरच्या वर फोटो लागला.

वर्षभर सर रोज सकाळी त्या फोटोला हार घालायचे आणि पाठ फिरवून कामाला लागायचे. खुर्चीसुद्धा त्यांनी अशी फिरवून घेतली होती की फोटो मागे यावा. मला वाटायचं, दुःखच तेवढं आहे, बघवत नसेल.

गेल्या महिन्यात जुना कॉम्प्युटर बंद पडला. नितीननं बघितलं आणि आता हा काही उठत नाही म्हणाला. तो गेल्यावर सर माझ्याजवळ आले. हळूच, एखादं गिऱ्हाईक विचारतं तसं त्यांनी विचारलं, "सुनंदा, तिचा टचिंगच्या आधीचा फोटो असंल का गं?"

मी वर भिंतीवरच्या फोटोकडे बघितलं.

"छानच केलायस तू," ते म्हणाले. "पण रोज दुसऱ्याच कुठल्या तरी बाईला हार घालायलोय असं वाटायलंय मला."

मला रडू आलं आणि स्वतःचा रागही आला. माणूस वर्षभर असं वाटून घेत होता आणि मी समोर बसून लोकांचे मुरुम काढत होते! आधीचा फोटो आता कुठे असलाच तर त्या काळ्या डबीत होता. आणि डबीचा कॉम्प्युटर मेला होता.

*

डबी धड आहे का, हे आधी परभणीला नितीनच्या दुकानात तपासायचं ठरलं. नितीन म्हणाला, कुणाच्या तरी हाती पाठवून द्या. सरांनी ते ऐकूनसुद्धा घेतलं नाही. ते स्वतः निघाले. डबी रुमालात गुंडाळली आणि काकूंच्या त्या जेवणाच्या पिशवीत ठेवली. सोबत खालेदभाई होते, पुढचं त्यांनीच सांगितलं.

पॅसेंजरमध्ये सर पिशवी मांडीवर घेऊन, दोन्ही हातांनी धरून बसले होते. समोरची म्हातारी बराच वेळ बघत होती. तिनं आपली भाकरी सोडली, ठेचा काढला आणि म्हणाली, "गुरुजी, धरून काय बसलाव? सोडा की तुमचाबी डबा. काय दिलंय घरून?"

सर म्हणाले, "पूर्णेतली सगळी माणसं आहेत."

म्हातारीनं भाकरीसकट जागा बदलली.

*

डबी ठणठणीत निघाली. दोन दिवसांनी नितीन नवा कॉम्प्युटर घेऊन सकाळीच हजर झाला. सगळं जोडलं आणि मग त्यानं आम्हाला समोर बसवून नीट समजावलं. नवा कॉम्प्युटर डबी बघितल्यावर एक प्रश्न विचारणार. हिच्यातला जुना इतिहास आपला म्हणून पुढं चालवायचा, की सगळं नव्यानं सुरू करायचं? नव्यानं म्हटलं की डबी कोरी होणार, कारण ती काठोकाठ भरलीय. "लोक घाईत नवीन दाबतात," तो म्हणाला. "मग मला फोन करतात. मग मी तरी काय करू?"

खालेदभाईंनी माझे दोन्ही हात धरून ठेवले. माझ्या सेव्ह मारायच्या सवयीवर त्यांचा विश्वास नव्हता.

प्रश्न आला. पडद्यावर लिहिलं होतं की हा साठा दुसऱ्या कॉम्प्युटरचा आहे, त्याचं नाव ठकू. नितीन सरांकडे वळून म्हणाला, "सर, जुने चेहरे ठेवायचे का?"

सर पडद्यावरचं ते नाव वाचत होते. चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचलं. "ठेवायचे," ते म्हणाले. "ही ठकूच आहे म्हणून सांग तिला."

*

मग सुरू झाला डबीतल्या सगळ्या फोटोंचा नव्या कॉम्प्युटरमध्ये यायचा प्रवास. हिरवी पट्टी मुंगीच्या पावलानं सरकत होती. खाली लिहून यायचं, तीन तास बाकी. थोड्या वेळानं पाच तास. मग एकदम पन्नास मिनिटं आणि पुन्हा चार तास.

खालेदभाईंचे वडील रेल्वेत होते, क्वार्टरमध्ये वाढलेला माणूस. ते खुर्ची ओढून पट्टीसमोर बसले. पट्टी थांबली की म्हणायचे, क्रॉसिंगला थांबवलीय, समोरून मेल यायलीय. सरकली की म्हणायचे, मिळाला सिग्नल. फोटो काढायला आलेली माणसंही मग बसून राहिली. पूर्णेत गाडीची वाट बघणं कुणाला शिकवावं लागत नाही. एकानं सगळ्यांना चहा सांगितला. एकजण आत डोकावून विचारून गेला, "किती लेट हाय?"

बरोबर दोन वाजता आम्ही तिघांनी डबे उघडले. जेवण कुणालाच गेलं नाही. सरांची नजर पट्टीवर आणि माझी सरांवर. फोटो नसलाच तर? काकूंचा फोटो काढला त्या दिवसांत डबी चालू होती का? की तेव्हा ती कुंकवानं बंद पडलेली होती? मला काही केल्या आठवत नव्हतं.

साडेचारला पट्टी पूर्ण झाली. खालेदभाई म्हणाले, "आली प्लॅटफॉर्मला."

*

नितीननं मला खुर्चीवर बसवलं. मी काकूंचा फोटो उघडला आणि डबीतून मागं जायला लागले. मागचा महिना, काकू मधोमध कुंकवाच्या. दिवाळी, तशाच. त्याआधीचा आठवडा, तशाच. मग त्या गेल्या तो दिवस. त्याच्या एकच दिवस मागं गेले.

घामेजलेला चेहरा. डोळ्यांखाली काळं. हातात पिशवी. बोलता बोलता उघडं राहिलेलं तोंड. आणि कुंकू थेट डाव्या भुवईवर!

सरांनी हात पुढे केला, पण पडद्याला लावला नाही.

"आता दिसायलीस," ते म्हणाले.

नितीन बाहेर जाऊन मोटरसायकल पुसायला लागला. ती स्वच्छच होती.

*

नवा फोटो लागला. सरांनी खुर्ची पुन्हा फिरवून घेतली आहे, आता फोटो समोर येतो. दोन वाजता डबीचा दिवा लुकलुकतो आणि सर डबा उघडतात. मी आता टचिंगच्या आधीचा फोटो वेगळा ठेवते. प्रत्येकाचा.

परवा चारठाण्याचे एक गृहस्थ पासपोर्ट फोटोला आले होते. सरांचे जुने विद्यार्थी. स्टुलावर बसले, केस नीट केले आणि त्यांची नजर वर गेली. बराच वेळ बघून त्यांनी काकूंना हात जोडले. मग सरांना जरा संकोचून म्हणाले, "सर, बोलू का? काकूंचं कुंकू लय तिरकं आलंय. आता कॉम्प्युटरवर सरळ होतंय की ते."

मी माउसवरचा हात काढून मांडीवर ठेवला.

सरांनी कॅमेऱ्यातून डोळा काढला नाही.

"नाही होत," ते म्हणाले. "हनुवटी जरा खाली घ्या."